‘एकूण योगदान’ आणि बारा वर्षांचा वाचक

गेल्या पावसाळ्यात एका संस्थेने बालवाङ्मय पुरस्कारासाठी मला परीक्षक नेमले आणि पाठोपाठ एकतीस पुस्तकांचे एक पोते नायगावला माझ्या दारात येऊन पडले. (हे नायगाव वसई तालुक्यातले. सावित्रीबाईंचे सातारा जिल्ह्यातले नव्हे आणि दादरजवळचेही नव्हे. भाईंदरची खाडी ओलांडली, पाणजू बेट मागे पडले की गाडी थांबते ते.) पुस्तकांसोबत एक गुणपत्रक होते. पाच रकाने, प्रत्येकी वीस गुण : विषयाची निवड, संस्कारमूल्य, भाषाशुद्धता, कल्पकता, निर्मिती. पत्रात विनंती केली होती की, उच्च प्राथमिक गटातील वाचकांसाठी पुरस्कारयोग्य पुस्तकांची शिफारस करावी.

एकतीसपैकी नऊ पुस्तके बडबडगीतांची होती. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी बडबडगीते कशी, हा प्रश्न पाठवणाऱ्यांना पडला नव्हता. पोत्यावर ‘बालवाङ्मय’ असे लिहिले होते आणि आत सगळे बालवाङ्मयच होते, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले असावे. उरलेल्या बावीस पुस्तकांचे मी काय केले ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यातून निघालेला आहे.

आमच्या वसाहतीत रविवारी सकाळी पाचवी ते सातवीतली दहा-बारा मुले माझ्याकडे वाचायला येतात. कोणी जूचंद्रचे, कोणी पश्चिमेच्या कोळीवाड्यातले, काही नव्या उंच इमारतींतले. घरात आगरी, कोळी, मालवणी, हिंदी, गुजराती अशा भाषा आणि शाळेत बहुतेकांची इंग्रजी. मराठी पुस्तक त्यांच्या हाती पडते ते रविवारीच. त्यांना मी सांगितले, हवे ते पुस्तक घ्या, हवे तिथे सोडा. मात्र जिथे सोडाल तिथे कागदाची पट्टी ठेवा. दीड महिन्याने पट्ट्या पाहिल्या. बहुतेक पुस्तकांतली पट्टी पंधराव्या पानाच्या अलीकडे होती. सहावीतल्या एका मुलीने एका कादंबरीत तिसऱ्याच पानावर पट्टी ठेवली होती. का, असे विचारले तर म्हणाली, “मला शेवट माहीत आहे. तो सुधारणार.”

मराठी बालसाहित्यावर इतकी नेमकी टीका मी एकाही चर्चासत्रात ऐकलेली नाही.

एका पुस्तकात मात्र पट्टीच नव्हती. मिठागराच्या कडेला राहणाऱ्या मुलाची साधी गोष्ट. लेखकाचे पहिलेच पुस्तक. कागद सुमार, चित्रे त्याहून सुमार. पण संवाद आगरी बोलीत होते आणि जूचंद्रच्या मुलाने ते उभे राहून, हातवारे करून सगळ्यांना वाचून दाखवले. ज्यांना आगरीचा गंध नव्हता ती मुलेही शेवटपर्यंत बसून राहिली. त्या गोष्टीत कोणी सुधारत नाही. मुलाचा बाप मिठागर सोडून दुसरे काम धरतो आणि मुलाला ते आवडत नाही, एवढेच घडते.

समितीच्या बैठकीत त्या पुस्तकाला भाषाशुद्धतेच्या रकान्यात वीसपैकी सहा गुण मिळाले. पुरस्कार एका ज्येष्ठ लेखकाच्या पुस्तकाला गेला. त्याच्यात पट्टी अकराव्या पानावर होती. मी ते सांगितले. तेव्हा एक सन्माननीय सदस्य म्हणाले, “अहो, पण त्यांचे एकूण योगदान पाहा!” निर्णयपत्रावर तीन सह्या आहेत, त्यांतली एक माझी आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते बाहेर उभे राहून दुसऱ्यांवर फेकलेले दगड आहेत, असे वाचकांनी समजू नये.

‘एकूण योगदान’ हा शब्दप्रयोग त्या बैठकीत जन्मलेला नाही. साहित्य अकादमीने बालसाहित्य पुरस्कार सुरू केला तो २०१० साली. पहिल्या वर्षी मराठीत अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला आणि २०११ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला तो मिळाला. सुरुवात पुस्तकांपासून झाली हे उत्तम झाले. पुढे मात्र २०१३ मध्ये अनंत भावे, २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे, २०१५ मध्ये लीलाधर हेगडे, २०१६ मध्ये राजीव तांबे, २०१८ मध्ये रत्नाकर मतकरी यांना तो मिळाला, आणि या पाचही वर्षी पुरस्कारासमोर कोणत्याही पुस्तकाचे नाव नाही; आहे ते बालसाहित्यातील एकूण योगदान. मधल्या २०१७ मध्ये ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’चा अपवाद आहे, आणि तो किती मोलाचा आहे ते पुढे येईलच.

या लेखकांच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. माधुरी पुरंदऱ्यांनी मराठी मुलाच्या हाती जे ठेवले त्याची बरोबरी करणारे आज दुसरे नाव मला सुचत नाही. मतकरींनी बालरंगभूमीसाठी जे केले ते एका पुरस्काराच्या मापात मावणारे नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. कारकिर्दीचा सत्कार ही लेखकाच्या उतारवयात समाजाने करायची गोष्ट आहे आणि ती अवश्य करावी. पण त्या वर्षी एखाद्या पालकाने, शिक्षिकेने किंवा ग्रंथपालाने ‘यंदाचे पुरस्कारप्राप्त पुस्तक द्या’ असे दुकानात जाऊन म्हटले असते, तर दुकानदाराने काय दिले असते? योगदान पुडीत बांधून देता येत नाही. पुरस्काराचे बालवाचकाच्या दृष्टीने एकच काम असते : हजार पुस्तकांच्या ढिगातून एक पुस्तक उचलून ‘हे घे’ असे म्हणणे. ते काम या पाच वर्षी झालेच नाही.

२०१९ पासून चित्र बदलले आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. सलीम सरदार मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’, आबा महाजनांची ‘आबाची गोष्ट’, संजय वाघ यांचे ‘जोकर बनला किंगमेकर’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, एकनाथ आव्हाडांचे ‘छंद देई आनंद’, भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, सुरेश सावंतांची ‘आभाळमाया’. २०२५ पर्यंत दरवर्षी पुस्तकच निवडले गेले. पण या सात नावांत कवितासंग्रह आहे, कथासंग्रह आहे, कादंबरी आहे. आणि यांतले कोणते आठ वर्षांच्या मुलाचे व कोणते तेरा वर्षांच्या मुलीचे, हे पुरस्कार सांगत नाही. त्याला ते सांगायचेही नसते. त्याच्या लेखी ‘बाल’ हा एकच वयोगट आहे.

राज्य शासनाचे पुरस्कार पाहावेत तर तिथे गंमत वेगळी. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे विभाग आहेत : कवितेला बालकवींचे नाव, कादंबरीला साने गुरुजींचे, कथेला राजा मंगळवेढेकरांचे, सामान्य ज्ञानाला यदुनाथ थत्ते यांचे, संकीर्णाला ना. धों. ताम्हनकरांचे, आणि नाटक-एकांकिकेला भा. रा. भागवतांचे. ज्यांनी फुरसुंगीचा बनेश फेणे मराठी मुलांना दिला, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, ‘बालमित्र’ चालवला, त्या भागवतांच्या नावाने नाटकाचा पुरस्कार! (ज्यांच्या ‘गोट्या’ने दोन पिढ्या वाढवल्या ते ताम्हनकर ‘संकीर्ण’ कसे, हेही कोडेच आहे.) असो. नावांची अदलाबदल हा किरकोळ दोष म्हणून सोडून देऊ. खरा दोष वर्गीकरणाच्या मुळाशी आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक ही प्रौढ वाङ्मयाची खाती आहेत. ती उचलून त्यांच्या आधी ‘बाल’ हे उपपद लावले की बालवाङ्मयाचा विचार पुरा झाला, अशी शासनाची समजूत दिसते. चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन म्हणायची गाणी आणि बारा वर्षांच्या मुलीने एकटीने, दार लावून वाचायच्या कविता या एकाच खात्यात, एकाच परीक्षकासमोर येतात. वाङ्मयप्रकार ही लेखकाची सोय आहे. वय ही वाचकाची वस्तुस्थिती आहे.

अमेरिकेतील न्यूबेरी पदकाचा दाखला इथे नेहमी दिला जातो. तो देताना दोन गोष्टी गाळल्या जातात. १९२२ पासून दिले जाणारे हे पदक ग्रंथपालांच्या संघटनेचे आहे. म्हणजे कोणते पुस्तक कपाटातून बाहेर जाते आणि कोणते धूळ खाते, हे रोज पाहणाऱ्यांचे. आणि ते एकटे नाही. चित्रपुस्तकांसाठी १९३८ पासून कॅल्डेकॉट, किशोरवयीनांसाठी २००० पासून प्रिंट्झ, नुकते वाचू लागलेल्यांसाठी २००६ पासून गायझेल अशी वेगवेगळी पदके तिथे आहेत. कारण वाचक वेगवेगळे आहेत. अर्थात तिथेही चुका होतात. १९५३ साली त्या पदकाने ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ला दुय्यम सन्मानावर ठेवले आणि ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ या पुस्तकाला पदक दिले. आज कोणते वाचले जाते ते सांगायला नको. पण तिथे चूक दाखवता येते, कारण समोर पुस्तक असते. ‘एकूण योगदाना’ची चूक कोणी कशी दाखवावी?

आता ‘संस्कारमूल्या’चा रकाना. याचे खापर साने गुरुजींवर फोडण्याची एक फॅशन मध्यंतरी आली होती. ती मला अन्यायाची वाटते. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेले ते पुस्तक एका माणसाच्या दुःखातून आलेले आहे. कोणत्याही रकान्यात वीसपैकी वीस मिळवण्यासाठी नव्हे. दोष आहे तो त्यानंतरच्या नकलाकारांचा, आणि त्या नकलांना गुण देणाऱ्या आपल्यासारख्यांचा. ‘आपल्यासारख्यांचा’ हे मी जाणूनबुजून म्हणते, कारण हे वाचणारे बहुतेक जण मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक आहेत आणि पुरस्कार समित्यांवर जाणारे लोक आपल्यातूनच जातात. माझ्या पाहण्यात आलेले बालसाहित्यावरचे प्रबंध चाळले तर निम्म्यांच्या शीर्षकात ‘मूल्यसंस्कार’ आहे आणि एकाच्याही परिशिष्टात एका मुलाचे मत नाही. दलित साहित्याचा, ग्रामीण साहित्याचा अभ्यास करताना आपण ‘हे कोणाच्या अनुभवाचे, कोणासाठी’ असे कसोशीने विचारतो. बालसाहित्य आले की तो प्रश्न कुठे जातो?

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मुलांवर सोपवले तर ती भुते, क्रिकेट आणि विनोद यांच्यापुढे जाणार नाहीत. मुलांनी भुते निवडली तर मला त्याचे दुःख नाही. ‘समशेर आणि भूतबंगला’ अकादमीनेही निवडलीच आहे. शिवाय निवड केवळ मुलांवर सोपवा असे मी म्हणतच नाही. मी इतकेच म्हणते की, गुणपत्रकात सहावा रकाना असावा : या वयाच्या किती मुलांनी हे पुस्तक हातात घेतले आणि किती जणांनी पुरे वाचले. त्यासाठी ना निधी लागतो ना अधिसूचना. दहा शाळा, प्रत्येकीत पुस्तकांचा एक संच, आणि कागदाच्या पट्ट्या. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बोर्डीत आणि मग कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात गेली. त्या जिल्ह्यात राहून ‘मुलांपर्यंत पुस्तके कशी पोचवायची’ अशी अडचण परीक्षकांनी सांगावी, हे शोभत नाही.

मुलांची निवड उथळच असते, हाही अनुभवाने टिकणारा ग्रह नाही. गुणपत्रक परत केल्यावर मी माझ्या कपाटातली काही पुस्तके त्याच मुलांपुढे ठेवली. त्यांत व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ होते. १९८३ चा अकादमी पुरस्कार मिळालेले, पण ‘बालवाङ्मय’ म्हणून कोणी न पाहिलेले. सातवीतल्या एका मुलाने ते दोन रविवारांत संपवले आणि वानरांच्या टोळ्या कुठल्या झाडांवर राहतात त्याचा नकाशा काढून आणला. त्याच्या आईचा मला फोन आला : त्यात पिले मारली जातात, हे मुलांना द्यावे का? त्यांची काळजी मी समजू शकते. मी त्यांना इतकेच सांगितले की, पुस्तक तुम्हीही वाचा आणि मग आपण तिघे बोलू. त्यांनी वाचले. बोलणे व्हायचे आहे.

दुसरे पुस्तक प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’. लंपनवर आपण प्रौढांनी इतके प्रेम केले आहे की, हा मुलगा मुलांचाही असू शकतो हे आपल्या ध्यानातच आले नाही. १९९४ मध्ये ‘वनवास’ आल्यापासून त्याच्यावर जे लिहिले गेले ते बव्हंशी हरवलेल्या बालपणाच्या हुरहुरीने लिहिलेले आहे. मुलांना हुरहूर वाटली नाही. त्यांचे बालपण अजून हरवायचे आहे. त्यांना लंपन हसवतो, कारण तो मोठ्या माणसांकडे तिरका पाहतो आणि ते कोणाला सांगत नाही. त्यातली बेळगावकडची, कानडीचा वास असलेली मराठी त्यांना अडली नाही. एका मुलीने विचारले, “हे कुठले मराठी?” मी सांगितले. ती म्हणाली, “आमच्या आजीचे पण वेगळेच आहे.” विषय संपला. भाषाशुद्धतेचा रकाना भरताना मला तिची आठवण आधी झाली असती तर बरे झाले असते.

आणि ‘खारीच्या वाटा’. धरणापायी उठणाऱ्या गावाची ही गोष्ट एका मुलाच्या नजरेने सांगितलेली आहे. इथे कोणी कोणाला बोध करत नाही, गाव जाते. नायगावची मुले हे पुस्तक ज्या गप्पपणाने वाचतात तो मला समजतो. त्यांच्या डोळ्यांदेखत मिठागरांवर आणि खाजणांवर इमारती उभ्या राहिल्या. त्यांतली काही जण त्याच इमारतींत राहतात. मराठीत बारा वर्षांच्या वाचकासाठी पुरस्कारयोग्य पुस्तक कसे असते, असे मला कोणी विचारले तर मी या पुस्तकाकडे बोट दाखवीन. अकादमीने ते निवडले, म्हणजे योग्य निवड करता येत नाही असे नव्हे. ती नियमाने होत नाही, योगाने होते.

याखेरीज ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादात आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणलेला आहे. आमच्याकडे फेलूदाच्या पुस्तकांची रांग लागते. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’ संपादित करताना बाल गट आणि कुमार गट असे सरळ दोन वाटे केले आणि कुमारांपुढे मराठीतले चांगले प्रौढ गद्य बिनधास्त ठेवले. एका संपादिकेला जो भेद सहज दिसला तो शासनाच्या अधिसूचनेत का उतरू नये? ‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढते आहे. वय वर्षे आठ ते चौदा हा आपला वाचक आहे, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे; त्याचे जुने अंक संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. म्हणजे शासनाच्याच एका खात्याला जो वाचक अर्धशतकापासून माहीत आहे, त्याचा शासनाच्याच दुसऱ्या खात्याला पत्ता नाही.

कविता महाजन वसईत राहत होत्या. प्रौढांसाठी ‘ब्र’ लिहिणाऱ्या या बाईंनी मुलांसाठी ‘जोयानाचे रंग’ लिहिले आणि ‘कुहू’मध्ये शब्द, चित्र, आवाज एकत्र आणण्याचा खटाटोप केला. २०१८ मध्ये त्या गेल्या. आमच्या रविवारच्या मुलांपैकी एकीलाही हे नाव माहीत नव्हते, आणि दोन स्टेशनांच्या अंतरात राहणाऱ्या मलाही ते त्यांच्यापर्यंत न्यायचे सुचले नव्हते. समित्यांना बोल लावताना हेही हिशेबात धरते.

यंदाचे पत्र गेल्या आठवड्यात आले. गुणपत्रक तेच, रकाने तेच. मी सहावा रकाना हाताने आखून, त्याखाली बारा मुलांसाठी बारा चौकोन काढून ते परत पाठवले आहे आणि कळवले आहे की हा रकाना राहणार असेल तरच पुस्तकांचे पोते पाठवावे. सोबत त्या आगरी पुस्तकाची एक प्रतही जोडली आहे. गेल्या वर्षी ते विचारात घेतले गेले होते, तेव्हा नियमाप्रमाणे ते पुन्हा घेता येणार नाही, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे.